चूक दुसऱ्याची, जीव आपला : सावध वाहनचालनाविषयी थोडेसे

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभराच्या कामाचा आढावा, जमाखर्चाचा ताळेबंद आणि देणगीदारांचे ऋणनिर्देश असावेत, असा प्रघात आहे. त्याच्या जोडीला वाचकांना घरी उपयोगी पडेल असा एखादा माहितीपर लेखही असावा, असे आम्हांस वाटते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांवर लिहिणे रीतीला धरून झाले असते. या लेखाचा विषय मात्र कोणत्याही रोगाचा नाही. सकाळी धडधाकट घराबाहेर पडलेली व्यक्ती दुपारी अतिदक्षता विभागात दाखल होते, त्या रस्ते अपघाताचा आणि तो टाळण्याच्या प्रयत्नांचा हा विषय आहे.

अंधेरीत राहणाऱ्यांना या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. पश्चिम द्रुतगती महामार्ग, स्वामी विवेकानंद मार्ग आणि लिंक रोड हे तीन मोठे रस्ते या उपनगरातून उत्तर-दक्षिण जातात. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता पूर्व-पश्चिम वाहतूक वाहतात. सीप्झ, मरोळ व साकीनाका येथील कारखाने आणि कार्यालये, विमानतळ, रेल्वे स्थानक व मेट्रो यांच्यामुळे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी येथे गर्दी असते. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्या अडीच वर्षांत वळसा टाळण्यासाठी गल्लीबोळांतून आणि प्रसंगी उलट दिशेने वाहन काढणारे किती वाढले, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे.

अपघातग्रस्ताचे नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेले असतात, तेव्हा त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्याची काहीच चूक नव्हती हो." बहुतेक वेळा ते खरेही असते. सिग्नल आपला होता, बाजू आपली होती, वेगही बेताचा होता. दुसराच कोणी आडवा आला. हे वाक्य पोलीस ठाण्यात उपयोगी पडते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही उपयोगी पडते. परंतु शस्त्रक्रियागृहात त्याचा उपयोग नसतो. मांडीचे हाड चूक कोणाची होती हे पाहून मोडत नाही. म्हणूनच, आपण नियम पाळतो एवढ्यावर निश्चिंत न राहता, दुसरा नियम मोडील हे गृहीत धरून वाहन कसे चालवावे, याचा विचार येथे मांडला आहे.

अपघातांचा आवाका

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे दर तासाला सरासरी १९ जण दगावले. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते. २०२३ मध्ये देशातील मृतांचा आकडा आणखी वाढून १,७२,८९० वर गेला.

या आकड्यांच्या पोटातील तपशील अधिक बोलका आहे. २०२२ मधील मृतांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ४४ टक्के आणि पादचाऱ्यांचे सुमारे १९ टक्के होते. ज्यांच्याभोवती लोखंडी पत्र्याचे कवच नसते, अशा माणसांचाच वाटा जवळजवळ दोनतृतीयांश भरतो. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती आणि आसनपट्टा न लावलेल्या १६,७१५ व्यक्ती मरण पावल्या. सर्वाधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले आहे.

रुग्णालयाचा खर्च एकदा होतो. अपघाताचा खर्च त्यानंतरही चालूच राहतो. मोडलेल्या पायावर शस्त्रक्रिया होते, पण रिक्षाचालकाची किंवा हातावर पोट असलेल्या कारागिराची मिळकत कित्येक महिने थांबते. मेंदूला मार लागलेल्या रुग्णाजवळ घरातील एका माणसाला कायमचे बसावे लागते. मुलांच्या शिक्षणाला कात्री लागते, दागिने गहाण पडतात. धर्मादाय निधीतून बिलात सवलत देता येते. गेलेली वर्षे परत देता येत नाहीत.

सावध वाहनचालन म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' म्हणतात, त्याला आपण सावध किंवा बचावात्मक वाहनचालन म्हणू. रस्त्याची स्थिती कशीही असो आणि इतरांचे वर्तन कसेही असो, आपल्या वाहनामुळे व आपल्या वाहनाला अपघात होऊ नये अशा रीतीने ते चालविणे, असा त्याचा थोडक्यात अर्थ आहे. अमेरिकेत हॅरोल्ड स्मिथ यांनी १९५२ मध्ये मालवाहू वाहनांच्या चालकांना शिकविण्यासाठी ही पद्धत पाच सवयींत बांधली. नजर दूरवर ठेवावी. केवळ पुढचे वाहन न पाहता सभोवतालचे सारे चित्र पाहावे. डोळे एकाच ठिकाणी खिळू देऊ नयेत. सुटकेसाठी एक बाजू नेहमी मोकळी ठेवावी. आणि आपण इतरांना दिसत आहोत याची खात्री करावी. सत्तर वर्षांनंतरही जगभर चालकांना शिकविताना या सवयींचा आधार घेतला जातो. आपल्याकडे कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळते. कारखान्यात यंत्राजवळ काम करणारा कामगार जी दक्षता घेतो, तीच कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावरही लागते, एवढे लक्षात घेतले तरी पुष्कळ झाले.

सावध चालविणे म्हणजे भित्रेपणाने चालविणे नव्हे. महामार्गावर उजव्या मार्गिकेतून रेंगाळणारा किंवा चौकात अकारण थबकणारा चालकही इतरांना गोंधळात टाकतो. आपला पुढचा हेतू वेळेवर कळविणे, स्थिर गतीने जाणे आणि शंका आली की माघार घेणे, ही सावध चालकाची लक्षणे होत.

अंतर आणि वेळ यांचा हिशेब

आम्ही शिक्षणाने वाणिज्य शाखेचे; त्यामुळे हा विषय आम्हांस हिशेबाच्या रूपाने अधिक चांगला समजला. वाहन थांबविण्यासाठी लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. धोका डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात वाहन पूर्वीच्याच वेगाने पुढे सरकते. ब्रेक लागल्यानंतर ते प्रत्यक्ष थांबेपर्यंतचे अंतर हा दुसरा भाग.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला सुमारे २६ मीटर लागतात. ताशी ६० ला हे अंतर सुमारे ४५ मीटर आणि ताशी ८० ला सुमारे ७० मीटर होते. ४५ मीटर म्हणजे बेस्टच्या १२ मीटर लांबीच्या जवळजवळ चार बसगाड्या एकामागोमाग उभ्या केल्या तर होणारे अंतर. पावसात ओल्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाला हेच अंतर सुमारे ६० मीटरपर्यंत जाते. टायर झिजलेले असतील तर त्याहूनही अधिक.

याच वेगात मोबाइलवरचा संदेश वाचण्यासाठी तीन सेकंद मान खाली घातली, तर ५० मीटर अंतर आपण डोळे मिटून कापलेले असते. कानाला लावलेला फोनही लक्ष तितकेच विचलित करतो. फोन गाडीत बसतानाच आवाज बंद करून बाजूला ठेवावा. फार निकड असल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करून बोलावे.

पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावे, याची एक सोपी युक्ती आहे. पुढचे वाहन रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशी पोहोचले की मनात सावकाश 'एक हजार एक, एक हजार दोन' असे म्हणावे. ते म्हणून होण्यापूर्वीच आपण त्या खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. दोन सेकंद हे किमान अंतर झाले. तीन असतील तर उत्तम, आणि पावसात किंवा रात्री चार असावेत. यावर नेहमीचा आक्षेप असा, की मुंबईत एवढे अंतर ठेवले तर कोणीतरी मध्ये घुसतो. घुसू द्यावे. एक वाहन मध्ये आले तर आपले दोन सेकंद जातात. दहा जण घुसले तरी वीसच सेकंद जातात. २०२२ मध्ये देशातील पाचव्या हिश्श्याहून अधिक अपघात मागून धडक बसून झाले होते, हे ध्यानात घेतले तर हा व्यवहार तोट्याचा नाही.

वेगाचाही असाच जमाखर्च मांडता येतो. अंधेरीहून बोरिवलीकडे महामार्गाने १२ किलोमीटर जायचे असेल आणि रस्ता पूर्ण मोकळा मिळाला, तर ताशी ५० च्या वेगाने साडेचौदा मिनिटांच्या आसपास लागतात. ताशी ७० ने गेल्यास साडेदहा मिनिटांत पोहोचता येते. बचत चार मिनिटांची, तीही एखाद्या सिग्नलला किंवा कोंडीत खर्च होऊन जाते. धडकेत शरीरावर येणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ५० चे ७० झाले की ती जवळजवळ दुप्पट होते. एका बाजूला चार मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट आघात, अशी ही नोंद आहे.

बेदरकार चालक कसा ओळखावा?

बेदरकार वाहनचालक बहुधा आधीच चिन्हे दाखवितो; ती वाचता आली पाहिजेत. वारंवार मार्गिका बदलणारा, इंडिकेटर न देता कट मारणारा, मागून अगदी जवळ येऊन अप्पर-डिप्पर देत भोंगा वाजविणारा, सिग्नल हिरवा होण्यापूर्वीच पुढे सरकणारा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावत जाणारा (तो मद्यपी किंवा झोपेला आलेला असू शकतो), आणि एका हातात फोन धरलेला : असा चालक दिसला की त्याच्यापासून दूर राहणे एवढेच आपले काम असते.

तो मागे असेल तर डावीकडे घेऊन त्याला पुढे जाऊ द्यावे. त्याला शिक्षा म्हणून ब्रेक मारणे किंवा वाट अडविणे हे आपल्याच जिवाशी खेळणे होय. तो पुढे असेल तर वेग कमी करून अंतर वाढवावे. तो शेजारून चालत असेल तर त्याच्या बरोबरीने न राहता मागे व्हावे. प्रत्येक आठ-दहा सेकंदांनी तिन्ही आरशांत नजर टाकण्याची सवय असेल, तर असा चालक जवळ येण्यापूर्वीच आपल्याला कळतो.

चौकात सिग्नल हिरवा झाला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असे समजू नये. दोन्ही बाजूंना पाहून, लाल दिवा तोडून कोणी येत नाही ना याची खात्री करून मगच निघावे. त्यास एक-दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे पाहावे, कारण उलट दिशेने येणारी दुचाकी हा आता आपल्याकडे अपवाद राहिलेला नाही. घाईघाईने माल पोहोचविणारी मुले, प्रवासी दिसताच एकाएकी डावीकडे वळणारी रिक्षा आणि प्रवाशाची वाट पाहत दुसऱ्या रांगेत उभी राहिलेली टॅक्सी यांच्याविषयी मनात राग धरण्यापेक्षा त्यांची सवय ओळखून आधीच जागा सोडावी. त्यांच्यापैकी अनेकांचे पोट मिनिटांच्या हिशेबावर चालते, हेही विसरू नये.

आपल्या भागातील काही जागा

८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचे खांब अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या मध्यभागी आहेत. चकाला, मरोळ नाका, साकीनाका या पट्ट्यात खांबाआडून अचानक माणूस पुढे येतो. खांबाजवळून जाताना पाय ब्रेकवर तयार असावा. थांब्यावर उभ्या बेस्ट बसच्या पुढून रस्ता ओलांडणारा प्रवासी आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही आपण दिसत नाही. अशा बसला ओलांडताना वेग चालण्याच्या गतीइतका खाली आणावा.

डंपर, पाण्याचे टँकर, काँक्रीटचे मिक्सर आणि बस यांच्या चालकाला वाहनाच्या अगदी पुढचा, मागचा व डाव्या बाजूचा काही भाग दिसत नाही. त्या वाहनाच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, असे समजावे. दुचाकीस्वाराने वळणावर अशा वाहनाच्या डावीकडील फटीत कधीही शिरू नये. वाहन वळू लागले की ती फट मिटते.

पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो, हे दरवर्षीचेच आहे. तुंबलेल्या पाण्याखालील खड्डा किंवा उघडे गटार दिसत नाही. त्यातून वाहन रेटण्यापेक्षा वळसा घ्यावा. पहिल्या पावसाच्या सरीने रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो, तेव्हा ब्रेक हलके व लवकर लावावेत. पुढचा दुचाकीस्वार खड्डा चुकविण्यासाठी एकदम बाजूला होणार, हे गृहीत धरूनच त्याच्यामागून जावे.

मोटारीचे दार उघडताना दाराजवळच्या हाताऐवजी पलीकडच्या हाताचा उपयोग करावा. त्यामुळे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी दुचाकी दिसते. दाराला धडकून पडणाऱ्या दुचाकीस्वारांना होणाऱ्या दुखापती या साध्या सवयीने टळू शकतात.

हेल्मेट आणि आसनपट्टा

आपण कितीही सावध असलो तरी धडक बसू शकते. तेव्हा उपयोगी पडतात त्या या दोन गोष्टी. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष अनेक देशांतील अभ्यासांच्या आढाव्यातून निघाला आहे. हेल्मेटवर भारतीय मानक ४१५१ ची खूण असावी आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. हाताच्या कोपरात अडकवलेले हेल्मेट केवळ पोलिसांना दाखविण्यापुरते असते. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० पर्यंतचाच वेग, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे.

मोटारीतील मागच्या आसनाविषयी मात्र अजूनही गैरसमज आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलीस तपासात सांगण्यात आले. दोघेही दगावले, पुढे बसलेले दोघे बचावले. मोटार उत्तम बनावटीची होती. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर पट्टा न लावलेला प्रवासी त्याच वेगाने पुढे फेकला जातो. तो आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्यासारखा असतो. मांडीवर घेतलेले मूल अशा क्षणी कोणत्याही आईला हातांनी धरून ठेवता येत नाही.

मद्य, झोप, राग आणि कोवळे वय

कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असल्यास वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पण 'मर्यादेत घेतले होते' या हिशेबात पडूच नये. पार्टीला जाताना परतीची सोय आधी ठरवावी. रात्रपाळी करून निघालेल्या किंवा गावाहून रात्रभर गाडी चालवीत आलेल्या व्यक्तीची झोपही तितकीच घातक असते. डोळे जड झाले की खिडकी उघडून किंवा गाणी लावून भागत नाही. थांबून वीस मिनिटे झोप घेणे हाच उपाय.

राग हा तिसरा. कोणी कट मारला, शिवी दिली, तर त्याच्याकडे न पाहता पुढे जावे. घरी आपली वाट पाहणाऱ्यांना त्या माणसाला धडा शिकविला गेला की नाही याच्याशी काही कर्तव्य नसते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाने चालविलेल्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मरण पावले. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. शिकवणीला जाण्यासाठी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक पालकाने हे लक्षात घ्यावे.

सावधपणाची मर्यादा

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत दुचाकीवरून घरी परतणाऱ्या दांपत्याला एका मोटारीने उडविले आणि पत्नीचा मृत्यू झाला. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टची बस गर्दीत घुसून अनेकांचे बळी गेले. या व्यक्तींनी आणखी कोणती सावधगिरी घ्यावयास हवी होती, असा प्रश्न कोणीही विचारू नये. मोडक्या पदपथांमुळे पादचाऱ्याला रस्त्यावरून चालावे लागते, हा त्याचा दोष नव्हे. रस्ते नीट असणे, कायद्याची अंमलबजावणी होणे आणि बेदरकार चालकाला शिक्षा होणे, या मागण्या नागरिकांनी सोडता कामा नयेत. वाहन जितके मोठे तितकी त्याच्या चालकाची जबाबदारी मोठी, हेही खरे. सावध वाहनचालनाने सर्व अपघात टळतील असे आम्ही म्हणत नाही. जे टळू शकतात त्यांतील कित्येक टळतील आणि जे होतील त्यांतील काहींची तीव्रता कमी होईल, एवढाच आमचा दावा आहे. अतिदक्षता विभागातील एका खाटेच्या बाबतीत जरी तो खरा ठरला, तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

अपघात घडलाच तर

गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या एका तासाला कायद्यातही 'गोल्डन अवर' म्हटले आहे. त्या तासात योग्य उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस यांची मदत मिळते. मागची वाहतूक थांबविण्यासाठी हॅझर्ड दिवे लावावेत व गर्दी दूर करावी. जखमीची मान किंवा पाठ दुखावली असण्याचा संभव असल्यास, आग लागण्यासारखा तातडीचा धोका नसेल तर त्याला ओढून बाहेर काढू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. हेल्मेट स्वतः ओढून काढण्याची घाई करू नये.

मदत करणाऱ्याने पोलिसांच्या ससेमिऱ्याला घाबरण्याचे आता कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ द्वारे ते संरक्षण कायद्यात आले. जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, खर्च भरावयास सांगता येत नाही आणि तो स्वखुशीने साक्षीदार झाला नाही तर त्याला अडवून ठेवता येत नाही. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. पोलिसी सोपस्कार त्यानंतरचे.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. धडक देऊन वाहन पळून गेल्यास मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये भरपाई १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मिळू शकते. नातेवाईकांनी पोलीस अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे व बिले यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. दाव्याच्या वेळी त्यांवाचून अडते.

रुग्णवाहिका मागून आल्यास घाबरून जागीच ब्रेक लावू नये. इशारा देऊन हळूहळू डावीकडे व्हावे आणि ती गेल्यावर तिच्यामागून मोकळ्या वाटेने धावू नये. आत असलेल्या रुग्णाला आपली ही दोन मिनिटे मोलाची असतात.

एक विनंती

या अहवालाचे वाचक तीन प्रकारचे आहेत, म्हणून आमची विनंतीही तीन प्रकारची आहे. ज्या देणगीदारांच्या आस्थापनांत चालक नोकरीस आहेत, त्यांनी चालकांची पुरेशी विश्रांती, नेत्रतपासणी आणि वेळेची घाई न लावणारे कामाचे वेळापत्रक यांकडे लक्ष द्यावे. विश्वस्तांनी आपापल्या गृहनिर्माण संस्थांत व शाळांत या विषयावर बोलावे. त्यांच्या शब्दाला वजन आहे. रुग्णांच्या आप्तेष्टांनी, ज्यांनी या बाकांवर रात्री काढल्या आहेत, घरातील तरुणांना आपला अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगावा. पोलिसांच्या फलकापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. शिवाय अपघातग्रस्तांना रक्ताची गरज अचानक व मोठ्या प्रमाणात लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी नियमित रक्तदान करावे.

आपण दिलेल्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या खाटा, यंत्रे आणि शस्त्रक्रियागृहे गरजूंसाठी सदैव सज्ज राहतील. रस्त्यावरून आणलेल्या रुग्णांसाठी त्या कमीत कमी वापराव्या लागाव्यात, अशी आमची इच्छा आहे आणि त्या कामी आपले सहकार्य मिळावे, ही नम्र विनंती.

— रुग्णालय प्रशासन विभाग, अंधेरी